आग्नेसबाय, तुझा खरा आकडा

आग्नेसबाय,

स्टेफीचा फोन आला होता. म्हणाली, सुनंदाआजी, आजीच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, वाचायला दोन शब्द लिहून आणा. मी म्हटलं, बाळा, दोन शब्दांत माझं कधी भागलंय का, तुझ्या आजीला विचार. मग दोघींच्या लक्षात आलं. विचारायचं कोणाला?

तुझा जन्म कुठला, बाजारात किती वर्षं बसलीस, चर्चच्या कुठल्या मंडळात होतीस, हे सगळं फादर सांगतील. मला ते नीट ठाऊकही नाही. मला ठाऊक आहेत ते हॉस्पिटलातले तुझे चाळीस दिवस. त्यातले अठ्ठावीस माझेही. एक खोली, एक खिडकी आणि मधे हिरवा पडदा, जो पहिल्या दिवसानंतर आपण कधी ओढलाच नाही. सख्ख्या बहिणीशी मी जेवढं बोलले नसेन तेवढं तुझ्याशी बोलले. आणि तरी एक गोष्ट बोलायची राहिली. राहिली कसली, मीच ठेवली. तू त्या गोष्टीवरून एका माणसावर रागावलीस, आणि तो राग सोबत घेऊन गेलीस. तो माणूस अजून आहे, मी अजून आहे. म्हणून हे लिहितेय.

पण तुला माहितेय, मी सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय कुठे पोचत नाही.

ऑपरेशन झालं की लोक घरी जातात. आपल्याला पाठवत नव्हते. माझी तीन ठिकाणी बायपास, एक झडप बदललेली, आणि साखरेमुळे छातीची जखम भरायला तयार नाही. तुझ्या दोन झडपा, हृदयाचा पंप पाव ताकदीनं चाललेला, आणि गळ्याखाली कातडीच्या आत बसवलेली, ठोके सांभाळणारी डबी. डॉक्टर म्हणाले, साधं प्रकरण नाही, चार आठवडे रिहॅबच्या वॉर्डात राहा. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सकाळी वजन, मग चालणं, मग सायकल, मग मोजून पाणी, आणि सतत गळ्यात वायरींचं यंत्र, छातीत काय चाललंय ते दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर दाखवणारं. आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगमध्ये मुलानं सांगितलं, आईला रिहॅबमध्ये ठेवलंय, तर वरच्या मजल्यावरची बाई हळूच सुनेला म्हणाली, काकी पीत होत्या असं कधी वाटलं नाही हो. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू उशी छातीशी धरून हसलीस. आपल्याला हसायला, खोकायला, शिंकायला उशी लागायची, हाडाला लावलेल्या तारा दुखायच्या म्हणून. माझ्याहून तुझी उशी आधी फाटली.

पहिल्याच दिवशी पूर्वा मॅडम आल्या. व्यायाम घेणाऱ्या. मॅडम कसल्या, माझ्या नातीच्या वयाची पोर, पण डोळा तिखट. तिनं कागद काढला आणि विचारलं, इथून बरं होऊन गेल्यावर तुम्हाला काय करायचंय. तू एका श्वासात सांगितलंस. स्टेफीचं लग्न दोन महिन्यांवर आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका बाजा लावून विहिरीवर जातात, पाणी आणतात, त्या पाण्यानं नवरीला आंघोळ. तुमच्या घरात सगळ्यात मोठ्या बाईनं पुढं चालायचं, अशी रीत. स्टेफीला आई असून नसल्यासारखी, दोन वर्षांची होती तेव्हापासून तू वाढवलेली. घरापासून विहिरीपर्यंत दोनशे ऐंशी पावलं, मोजून ठेवली होतीस. म्हणालीस, "ती मी चालणार. मग मना बोलवा वर, मी जाते."

मला विचारलं तर मी म्हटलं, माझं काही नाही, घरच्यांना त्रास होऊ नये एवढंच. पूर्वा म्हणाली, आजी, हे काही लिहिण्यासारखं नाही, जरा विचार करा. तेवढ्यात तू तुझ्या खाटेवरून म्हणालीस, "लिव गो पोरी, ही माझ्यासंगं विहिरीवर येणार." आणि तिनं खरंच लिहिलं. सव्वीस वर्षं मी खानावळ चालवली, शंभर माणसांना काय हवं ते विचारलं. मला काय हवंय ते मात्र भाईंदरजवळच्या डोंगरी गावातल्या एका कोळणीनं, तीन तासांच्या ओळखीवर, परस्पर लिहून टाकलं.

मग आपला कॉरिडॉर. तू त्याची गल्ली करून टाकलीस. नर्सचं टेबल म्हणजे क्रुसाचा चौक. पाण्याचा कूलर म्हणजे तुझ्या मावशीचं घर. लिफ्ट म्हणजे विहीर. चालताना मला सांगायचीस, इथं डाव्या हाताला कुत्रा असतो, सांभाळ. इथं रस्ता जरा चढतो. सपाट लादी, आणि मी खरंच चढ लागल्यासारखी चालायचे. लिफ्टपाशी बाकावर जयंतीभाई बसलेले असायचे. शांती नगरला वह्या-पेनांचं दुकान, आता मुलगा बघतो. त्यांची पण दुसरी बायपास. पायात पांढरे मोजे, मांडीवर पेपर. त्यांना तू म्हणालीस, भाय, तुम्ही विहिरीवर बसलात, पडाल. त्यांना काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते आपण दिसलो की पाय वर घ्यायचे.

भला माणूस. तुझ्या नातीचं लग्न आहे म्हटल्यावर पेपरातले गाऊनचे फोटो नीट फाडून आपल्या खोलीच्या दारातल्या टेबलावर ठेवून जायचे. "आग्नेसबेन, आ जुओ, लेसवाला." म्हणजे, हा बघा. तू म्हणायचीस, एवढ्या लेसमधे माझी पोरगी मच्छरदाणीत अडकल्यासारखी दिसेल. तरी सगळे फोटो उशीखाली जमवलेस.

आणि बोंबलाचं भांडण. आहारवाल्या बाईंनी तुला सुकी मासळी बंद केली, मिठामुळे. तू म्हणालीस, बोंबलाला आम्ही मीठ लावतच न्हाय, उन्हात वाळवतो, बांबूवर टांगून, ये माझ्या दारात बघायला. तीन दिवस चाललं. शेवटी त्यांनी कुठेतरी विचारलं, आणि आठवड्यातून अर्धा तुकडा भाजून खायला मान्यता दिली. मी तुझ्या बाजूनं नव्हते, मला वाटलं तू थापा मारतेस. चुकले मी. रविवारी स्टेफी भाजून घेऊन आली, तू डबा उघडलास आणि दारातून जाणाऱ्या जयंतीभाईंनी नाकाला रुमाल लावला. आयुष्यात अंडं न खाल्लेला माणूस तो. तू बघितलंस, हसलीस, म्हणालीस, भायच्या नाकाला वास फुकट मिळाला. आणि विसरलीस. हे लक्षात ठेव, तू विसरलीस. पुढे कामाला येणार आहे.

आता आकड्याकडे येते.

चालताना, सायकल मारताना पूर्वा विचारायची, आजी, आकडा? भिंतीवर तक्ता होता. शून्य म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं, दहा म्हणजे आता जीव जाईल. धाप किती लागली ते आपण सांगायचं. तीन-चार असलं तर उद्या थोडं वाढवायचं, सहाच्या पुढे गेलं तर थांबायचं. यंत्राला ठोके कळतात, दम किती निघाला ते ज्याचं त्यालाच ठाऊक, असं ती म्हणायची. मी दर वेळी पाच सांगायचे. जास्त सांगितलं तर काळजी, कमी सांगितलं तर काम वाढणार, पाच बरा. पूर्वा म्हणाली, आजी, तुमचा पाच म्हणजे रबराचा शिक्का झालाय. मग मी सुधारले.

तू नाही सुधारलीस. तू तीन सांगायचीस. कधी अडीच. मी एकदा खोलीत विचारलं, आग्नेस, तुझे ओठ काळे पडलेत आणि तू तीन काय सांगतेस. तू मला वेड्यात काढलंस. "बाय, पयला भाव कवा खरा सांगायचा न्हाय. गिऱ्हाईक कुठं चाललंय ते बघायचं, मग बोलायचं." मी म्हटलं, अगं ती पूर्वा गिऱ्हाईक आहे का? म्हणालीस, तिला मना थांबवायचंय, मना जायचंय विहिरीवर. ती वर ओढणार, मी खाली ओढणार. मग बरोबर मधे येतं.

तुझ्या डोक्यात तो सौदाच होता. उभा जन्म टोपली पुढे घेऊन बसलेल्या बाईला कोणी आकडा विचारला तर ती खरा कसा सांगेल? त्यात तुझी चूक मी धरत नाही. पण पूर्वा मुळी ओढतच नव्हती. तू तीन म्हणालीस की ती तीनच लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी सायकल जड करायची. सौद्यात एकच माणूस होता. तू तुझ्याशीच घासाघीस करत होतीस.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. सायकल करून आलीस, माझ्याकडे न बघता न्हाणीघरात गेलीस आणि नळ सोडलास. मला वाटलं तोंड धुतेयस. नळ चालूच. मी दाराला कान लावला. पाण्याच्या आवाजाखाली तुझी धाप ऐकू येत होती. खानावळीत भात्याची जुनी शेगडी होती माझ्याकडे, तिचा चामड्याचा भाता फाटला होता तेव्हा असा आवाज यायचा. मी हाक मारली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर आलीस तेव्हा पदरानं तोंड पुसत होतीस, म्हणालीस, काय गो, दारात उभी ती, तुला जायचंय काय. तुझ्या पायांकडे बघितलं. मोज्याचं रबर नडगीत रुतून खड्डा पडला होता. सकाळी नव्हता.

तू झोपलीस. मी उठले, कुशीवर वळून, हात न टेकता, शिकवलं होतं तसं, आणि पूर्वाच्या खोलीत गेले. तिला म्हटलं, "आग्नेस तीन सांगते ना, तो तीन नाही. आठ आहे. नळ सोडून न्हाणीत बसते ती."

झालं एवढंच. तीन वाक्यं. ती मी होते, आग्नेसबाय. दुसरं कोणी नाही.

पूर्वा लगेच उठली. मला म्हणाली, आजी, हे तुम्ही सांगितलंत ते माझ्यापाशी राहील. मी तिला तसं कर म्हटलं नव्हतं. पण नको असंही म्हटलं नाही.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. तुझ्या यंत्राचे जुने कागद काढले, गळ्याखालची डबी तपासली. सायकलवर असताना तुझे ठोके दोन-तीनदा उधळले होते, आणि अंगात पाणी साठत होतं. पाच दिवस व्यायाम बंद, सुईतून औषध, आणि घरी जायचं बारा दिवस पुढे. तुझं तोंड मी बघू शकले नाही. तू कोणावर ओरडली नाहीस. भिंतीकडे वळलीस आणि पावलं मोजत राहिलीस, ओठात. बाजावाल्याला सांगितलं होतंस, विहिरीकडचं गवत काढायला सांगितलं होतंस. आता बिछान्यातून उतरायला बंदी.

दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "माझा आकडा कुणी फोडला?" आणि मी तोंड उघडायच्या आत तूच उत्तर दिलंस. तो म्हातारा. लिफ्टजवळचा. परवा पूर्वासमोर बोलला होता, आग्नेसबेन, जरा धीमे चाला. त्यानंच.

मी काय केलं? मी तुझ्या पेल्यात पाणी मोजून ओतलं आणि गप्प बसले.

का, ते आज सरळ सांगते. तू रागावलीस की भांडत नाहीस, अबोला धरतेस. अजून आठ दिवस एका खोलीत काढायचे होते आणि मला रात्री खोकला आला की उशी हातात देणारी तू होतीस. मी घाबरले. आणि जयंतीभाई काय, बाहेरच्या बाकावरचे, पुरुषमाणूस, गुजराती, आज आहेत उद्या घरी जातील. त्यांच्या वाट्याला राग गेला तर त्यांचं काय बिघडतंय, असं मला वाटलं. मनुष्य स्वतःला काय काय समजावतो.

त्यानंतर ते टेबलावर गाऊनचा फोटो ठेवायचे आणि तू त्यावर औषधाचा ओला ग्लास ठेवायचीस. ते दारातून केम छो विचारायचे, तू माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागायचीस, तेही नसलेल्या विषयावर. दोन-तीन दिवसांनी त्यांनी फोटो ठेवणं बंद केलं. मी हे सगळं बघितलंय. खाटेवर बसून, मांडी घालून, बघितलंय.

माझे अठ्ठावीस दिवस भरले. मुलगा न्यायला आला. तू खिडकीशी बसली होतीस, म्हणालीस, जा गो, तू सुटलीस, मी पकडली गेली.  

पण आग्नेसबाय, एक ऐक. मी तिला जे सांगितलं ते बरोबर होतं. यावर मी माघार घेणार नाही. तू असतीस आणि समोर बसून शिव्या घातल्या असत्यास तरी घेतली नसती. पूर्वानं मला नंतर सांगितलं, त्या आठवड्यात सायकल अजून जड केली असती तर तुम्ही दोघी परत भेटला असतात की नाही, सांगता येत नाही. उद्या तीच दुपार परत आली तर मी परत उठेन, कुशीवर वळून, आणि परत तीच तीन वाक्यं बोलेन. फक्त चौथं तुला येऊन सांगेन.

आणि ते बारा दिवस फुकट गेले असं तू म्हणायचीस, ते तर मुळीच नाही. तू त्याच बारा दिवसांत थांबायला शिकलीस. पूर्वानं शिकवलं, दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. मला फोनवर सांगायचीस, आज क्रुसापाशी एक मिनिट उभी राहिली, मग विहिरीपर्यंत सरळ. पण गावासमोर थांबायचं कसं, याची तुला लाज. लोक म्हणतील, म्हातारी संपली.

त्यावर तू काय काढलंस, ते मी जन्मात विसरणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी आणि पूर्वा भाईंदर स्टेशनहून बसनं डोंगरीला आलो. गल्ली मी ओळखली. मावशीचं घर, चौक, अगदी तो कुत्रासुद्धा डाव्या हाताला होता. तू लाल लुगडं नेसून पुढे, मागे बायका, बाजा. क्रुसाच्या चौकात बाजा थांबला आणि तिथेच उभं राहून वाजवायला लागला. कोणीतरी खुर्ची आणली, तू बसलीस, राणीसारखी, आणि बायका गोल करून नाचल्या. मग निघाली मिरवणूक. मावशीच्या दारात परत तेच. मी तुझ्या पुतणीला विचारलं, ही पण रीत आहे का तुमची? ती म्हणाली, काकी म्हणाली जुन्या लोकांची रीत हाय, आम्हाला ठाऊक नव्हती. तू बाजावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतंस, दोन ठिकाणी दोन-दोन गाणी. दम खायला रीत निर्माण केलीस. स्टेफी सांगत होती, गावात मागच्या महिन्यात दुसऱ्या एका लग्नातही क्रुसापाशी बाजा थांबवला. राहणार आता हे.

विहिरीवर पोचलीस. काठाला हात टेकलास. पूर्वा मागून हळूच म्हणाली, आजी, आकडा? तू वळलीस. मला वाटलं, आता अडीच येणार.

"सहा," म्हणालीस. "खरा हाय. लिव."

पूर्वाचे डोळे भरले. मी तर उघडच रडले, बायकांना वाटलं नवरीसाठी. तो आकडा ऐकला आणि वाटलं, आत्ता सांगावं, इथेच, घडा भरायच्या आत. तर तूच बोललीस, त्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नसतं तर मी न थांबता आली असती. मी म्हटलं, चल, पाणी पी. तू म्हणालीस, आजचं दीड लिटर कवाच झालं.

वॉर्डातल्या सगळ्यांना आमंत्रण होतं त्या लग्नाला. झाडूवाल्या मावशी आल्या होत्या, रात्रपाळीची नर्स आली होती. जयंतीभाईंना नव्हतं. मी यादी बघितली होती आणि काही बोलले नाही.

चौदा महिने मिळाले तुला पुढे. आठवड्यातून दोन सकाळी बाजारात बसायचीस, पाठीला उशी लावून, चढ्या भावानं पापलेट विकायचीस. रविवारचा अर्धा बोंबील. मला फोन, आज किती चाललीस, खरं सांग. तुला खोटं सांगायची सोय नव्हती, तूच खोट्याची उस्ताद. त्या चौदा महिन्यांत चारशे वेळा तरी आपण बोललो असू, आणि चारशे वेळा मी ते गिळलं. स्टेफी म्हणाली, दुपारी जेवून ओट्यावर बसली होती, वाळत टाकलेल्या बोंबलांवर नजर ठेवून, आणि बसल्या बसल्याच गेली, घाई न करता. ऐकून मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग ती पण गेली. छान गेलीस गं.

तुझ्या मातीनंतर चार दिवसांनी मी शांती नगरला गेले, दुकानावर पत्ता विचारून. जयंतीभाई घरी होते, टीव्ही बघत. तू गेलीस हे त्यांना मीच सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला, हात जोडले. मग मी दुसरं सांगितलं. आकडा, नळ, पूर्वा, तुझा राग, माझं तोंड शिवलेलं. सगळं.

मला वाटत होतं, म्हणतील, जाऊ द्या बेन, जुनी गोष्ट. तसं नाही म्हणाले. बराच वेळ मोज्याचा धागा ओढत बसले. मग म्हणाले, "मी समजलो, बोंबलाचा रुमाल. दीड वरस मी तेच समजलो. बाईच्या अन्नाला नाक दाबलं, म्हणून बोलत नाही. सगळ्यांना लग्नाला बोलावलं, मला नाही. बरोबर केलं, मी म्हटलं. माफी मागायला दोनदा फोन उचलला. नातीचा अहेर आणून ठेवला, तो पण कपाटात पडलाय." आणि मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "बेन, तुम्ही मला ज्या गुन्ह्याची माफी मागायला लावत होता, तो गुन्हाच नव्हता."

आग्नेसबाय, तू तो रुमाल त्याच दिवशी विसरली होतीस. मी त्यांना ते सांगितलं. आजवर मी कोणाला दिलेली ती सगळ्यात चांगली बातमी होती, आणि दीड वर्ष शिळी करून दिली. त्यांच्या सुनेनं चहा आणला. त्यांनी तिला सांगितलं, बेनना दे, मला नको. मी एकटीच प्यायले. निघताना तुझ्या महिन्याच्या मिस्सेचा दिवस सांगून आले.

तीन दिवसांनी फोन. कोण, तर जयंतीभाई. ना नमस्कार ना चमत्कार. "चर्चमध्ये चप्पल बाहेर काढतात का?" मी म्हटलं, नाही, घालूनच जातात. "हातात काय न्यायचं?" मेणबत्ती चालेल म्हटलं. मग म्हणाले, "मी येणार. बसचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमच्यासोबत येणार. पण रस्त्यात मी तुमच्याशी बोलणार नाही."

मी म्हटलं, नका बोलू.

तर आम्ही येतोय. रविवारी, सकाळच्या बसनं, दोघं एका बाकावर, खिडकीपाशी ते. त्यांचा माझ्यावरचा राग बरोबर आहे आणि तो मी नीट सांभाळून आणेन. तुझाही आता इकडेच वळव. दोघांचा मिळून झेपेल मला, चांगली ठणठणीत आहे मी, तुमच्या सगळ्यांच्या कृपेनं. स्टेफीला सांगितलंय, त्यांना तुमच्या घरच्या बाकावर बसव, पुढे. माझं मी मागे बघेन.

ते येऊन बसले की तू पहिलं बोल. माणूस लाजाळू आहे, आपणहून बोलणार नाही.